मराठवाड्यात दमा आणि सीओपीडीचा अभ्यास : सरकारी नोंदींतून खात्रीचं उत्तर कसं काढायचं

‘मराठवाड्यात सीओपीडीचे (श्वासमार्ग कायमचे अरुंद होणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे) रुग्ण किती?’ हा प्रश्न घेऊन निघालात, तर आठही जिल्ह्यांतली एकही सरकारी नोंदवही त्याचं सरळ उत्तर देणार नाही. ‘मागच्या पाच वर्षांत आमच्या रुग्णालयात धाप लागून भरती झालेल्या चाळिशीपुढच्या बायकांपैकी किती जणींची स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसातली हवा मोजण्याची तपासणी) झाली?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळू शकतं. हा लेख अशा दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांसाठी आहे. पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) किंवा छातीरोग विभागात प्रबंध करणारे निवासी डॉक्टर, एमपीएचचे (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे) विद्यार्थी आणि आकड्यांशी झटापट करणारे जिल्हा पत्रकार यांना तो उपयोगी पडावा.

नोंदवही आजार मोजत नाही. रुग्ण आणि यंत्रणा यांची गाठ पडली, तेव्हा कोणीतरी काहीतरी लिहिलं, एवढंच ती सांगते. म्हणून कुठलाही आकडा हाती घेताना तीन गोष्टी विचारायच्या : नोंद कोणी केली, कशासाठी केली आणि न केल्यास त्याचं काय बिघडलं असतं? पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांवर उभ्या आहेत.

परदेशी शोधनिबंध वाचताना

दमा आणि सीओपीडीवर नोंदवह्यांतून झालेलं पुष्कळ काम स्वीडन, डेन्मार्कसारख्या देशांतलं आहे. स्वीडनमध्ये १९४७ पासून आणि डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक कायमचा क्रमांक आहे. जन्म, भरती, औषध, मृत्यू, सगळं त्याच क्रमांकाखाली नोंदलं जातं. डेन्मार्कची रुग्णालयीन नोंदवही १९७७ पासूनची. स्वीडनमध्ये औषधाच्या दुकानातून कोणत्या रुग्णाने कोणतं औषध नेलं, याची माणूसवार नोंद जुलै २००५ पासून आहे आणि २०१३ पासून श्वसनमार्गाच्या आजारांची वेगळी राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथला संशोधक ‘वर्षभरात स्टेरॉइडचा पंप दोनदा नेला’ एवढ्यावर दम्याची व्याख्या करू शकतो.

आपल्याकडे हे जमणार नाही, कारण खासगी मेडिकलमधून कोणी कुठला पंप नेला याची जोडता येईल अशी नोंदच नाही. सरकारी औषधसाठ्याची ऑनलाइन नोंद आहे, पण ती आरोग्य केंद्राला किती सॅल्ब्युटामॉल (धापेवरचं औषध) गेलं ते सांगते. कोणाच्या छातीत गेलं ते नाही. त्यामुळे परदेशी निबंधातून रीत शिकावी, व्याख्या उचलू नये. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत याच जागेवर पकडतात.

पहिली पायरी : प्रश्न लहान करा

एका वाक्यात लिहा : कोण, कुठे, कोणत्या काळात, काय घडलं. उदाहरणार्थ, ‘१ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या काळात अमुक रुग्णालयात सीओपीडीच्या निदानाने भरती झालेल्यांपैकी तीस दिवसांत पुन्हा भरती किती झाले?’ वाक्यात ‘मराठवाड्यातील लोकांमध्ये’ असा शब्दप्रयोग आला की थांबा. लोकसंख्येबद्दल बोलायचं तर भाजक, म्हणजे एकूण माणसं किती हा आकडा, लागतो आणि तो मिळवणं सोपं नाही. त्याकडे पुढे येऊ.

दुसरी पायरी : वह्या ओळखा

लोक इथे घाई करतात. मी सगळ्यांत जास्त वेळ इथेच घालवायला सांगतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घरी बसून मोफत मिळतं. नाव नोंदवून विनंती केली की माहितीसंच उतरवून घेता येतो. पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ मध्ये, म्हणजे कोविडच्या आधी झालं. स्वयंपाकाचं इंधन, तंबाखू, घराची बांधणी असं बरंच त्यात आहे. पण बायका १५ ते ४९ आणि पुरुष १५ ते ५४ याच वयांतले. सीओपीडी जिथून सुरू होतो तिथे हे सर्वेक्षण संपतं. शिवाय दमा आहे की नाही हे उत्तर देणाऱ्याच्या तोंडचं असतं, तपासून घेतलेलं नाही. तरुणांमधला दमा आणि चूल यांचा संबंध पाहायचा असेल तर घ्या, सीओपीडीसाठी घेऊ नका. जिल्ह्यांची नावं त्यात औरंगाबाद आणि उस्मानाबाद अशी जुनीच आहेत. नव्या यादीशी जोडण्याआधी नावांचा तक्ता करून ठेवा, नाहीतर दोन जिल्हे गळून पडतील आणि संगणक काही बोलणारही नाही.

पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ‘लासी’ हे वृद्धत्वाचं सर्वेक्षण आहे. पहिली फेरी २०१७-१८ ची, देशभरात सुमारे ७२ हजार माणसं, आणि त्यात प्रत्यक्ष फुंकून घेतलेली स्पायरोमेट्री आहे. ही दोन्ही सर्वेक्षणं मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून चालतात. लासीचे आकडे राज्याच्या पातळीपर्यंत भरवशाचे. त्यातून ‘बीड जिल्हा’ काढायला जाऊ नका.

आता आपल्या दारची वही. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो सी-बॅक अर्ज (जुनाट आजारांच्या धोक्यांची प्रश्नावली) भरतात, त्यात धाप लागणं आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला ही लक्षणं आहेत. शिवाय सीओपीडीच्या धोक्यांचा वेगळा भाग आहे : लाकूड, पिकाचा काडीकचरा, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल की गॅस. धाट-पाचट जाळणं, वीटभट्टीसारख्या धुराधुळीच्या जागी काम. मराठवाड्यासाठी यापेक्षा नेमकी प्रश्नावली मला माहीत नाही. फक्त ती कशी भरली जाते ते पाहून घ्या. उज्ज्वलाची टाकी घरात असते, म्हणून ‘गॅस’वर खूण होते. अंगणात पऱ्हाट्या-तुराट्यांवर पाणी तापतं आणि भाकरीही तिथेच होते. अर्ज संपवण्याचं लक्ष्य डोक्यावर असलेल्या ताईला दोष देऊ नका. तुम्ही मात्र पन्नास घरांत स्वतः जाऊन चुलीची राख गरम आहे का ते पाहा आणि अर्जाशी ताळा करा.

एचएमआयएस या सरकारी आरोग्य-माहितीच्या पोर्टलवर आरोग्य केंद्रांचे मासिक आकडे असतात. आंतररुग्णांच्या भागात दमा, सीओपीडी आणि श्वसनसंसर्ग हे तिन्ही एकाच ओळीत आहेत. ऑगस्टमध्ये विषाणूची साथ आली की ही ओळ फुगते आणि ‘दमा वाढला’ अशी बातमी होते. दुसरं म्हणजे हे आकडे रुग्णालय जिथे आहे त्या जिल्ह्याचे, रुग्णाच्या गावाचे नाहीत. घाटी रुग्णालयात जालना, बीड, परभणीच काय, बुलढाणा आणि अहिल्यानगरचेही रुग्ण येतात. ते सगळे छत्रपती संभाजीनगरच्या खात्यात पडतात. जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना या आकड्यांवर कधीही करू नये.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयं उपचारांच्या खर्चासाठी करतात ते दावे हा वेगळाच प्राणी. ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मराठवाड्यातलं फक्त नांदेड होतं. बाकीचे सात जिल्हे नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. म्हणजे सव्वा वर्ष नांदेडला योजना होती आणि शेजारच्या परभणी-लातूरला नव्हती. खर्चाचं ओझं कमी झाल्यावर धापेचे रुग्ण रुग्णालयात लवकर येतात का, हे तपासायला अशी आयती संधी पुन्हा मिळणार नाही. पण दाव्यात आजाराचं नाव पॅकेज बसेल असं लिहिलेलं असतं. दम्याचा साधा झटका तिथे दिसणार नाही, व्हेंटिलेटरवर गेलेला दिसेल. शिवाय मराठवाड्यासह चौदा जिल्ह्यांत पांढरं रेशनकार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही योजनेत घेतलं गेलं. पुणे विभागाशी तुलना करताना ही बाब विसरली तर निष्कर्ष उलटा निघू शकतो.

मृत्यूचं वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालयात नमुना ४ वर, बाहेर ४-अ वर. पहिल्या भागात सगळ्यांत खालच्या ओळीवर मूळ आजार यायला हवा. पुष्कळदा तिथे ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ असं असतं. ते प्रत्येकाच्याच मृत्यूत घडतं, कारण नव्हे. सीओपीडी लिहिलाच तर तो दुसऱ्या भागात, मधुमेहाच्या शेजारी, अंग चोरून बसलेला सापडतो. म्हणून दोन्ही भाग उतरवून घ्या. ज्याचा मृत्यू घरी झाला, त्याच्या बाबतीत या वहीवर विसंबू नका.

क्षयरोगाची निक्षय ही मात्र खरी माणूसवार राष्ट्रीय नोंद आहे, २०१२ पासूनची. क्षयातून बरं झालेल्या पण फुप्फुस खराब झालेल्या माणसाची धाप सीओपीडी म्हणूनच लिहिली जाते, त्यामुळे फुप्फुसाच्या कुठल्याही अभ्यासात ही जोड घ्यायलाच हवी. कर्करोगाबाबतही आपण मागे नाही : शेजारच्या बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे, पुढे धाराशिव आणि बीडही त्या कामात आले. फुप्फुसाच्या जुनाट आजारांना तसं कोणी मिळालेलं नाही. म्हणून ही सगळी ठिगळं.

तिसरी पायरी : व्याख्या आधी, मोजणी नंतर

आजारांच्या दहाव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (आयसीडी-१०) जे ४० ते जे ४७ हा जुनाट श्वसनरोगांचा गट. जे ४४ सीओपीडी, जे ४५ दमा, जे ४६ न थांबणारा तीव्र झटका, जे ४७ ब्राँकिएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणं). बहुतेक जण ४४ आणि ४५ घेऊन मोकळे होतात. तुम्ही जे ४२ (जुनाट ब्राँकायटिस) आणि ४३ (एम्फिसिमा) हेही घ्या. इथल्या मातीतले आणखी दोन संकेतांक जवळ ठेवा : जे ६६.० म्हणजे कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आणि जे ६७.१ म्हणजे उसाच्या बुरशी आलेल्या चिपाडाने होणारा बॅगॅसोसिस. जिनिंग आणि साखर कारखान्यांच्या मुलखात हे संकेतांक जवळजवळ रिकामे दिसले, तर तो आजार नसल्याचा पुरावा मानू नका. कामधंदा कोणी विचारलाच नसेल.

नंतर तीन पातळ्या ठरवा. ‘पक्का’ : पंप दिल्यानंतरच्या स्पायरोमेट्रीत पहिल्या सेकंदाची हवा आणि एकूण हवा यांचं गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी, वय चाळीसच्या पुढे. ‘संभाव्य’ : डॉक्टरांनी लिहिलेलं निदान, धूर-धूळ किंवा विडीचा इतिहास, पण तपासणी नाही. ‘शंकास्पद’ : नुसती धाप. विश्लेषण तिन्हींवर वेगवेगळं करा. उत्तर तिन्ही ठिकाणी एकाच दिशेला जात असेल तर छाती ठोकून लिहा.

चौथी पायरी : केसपेपर काढून ताळा

नोंदीतला ‘सीओपीडी’ किती वेळा खरा सीओपीडी असतो, हे तपासल्याशिवाय पुढचं सगळं वाळूवर. ही पायरी टाळलेला प्रबंध मी तरी परीक्षक म्हणून पुढे जाऊ देणार नाही.

किती केसपेपर पाहायचे? समजा सुमारे ७० टक्के नोंदी बरोबर असाव्यात असा अंदाज आहे आणि दहा टक्के इकडे-तिकडे चालेल. १.९६ चा वर्ग गुणिले ०.७ गुणिले ०.३, भागिले ०.१ चा वर्ग. उत्तर ८१. रेकॉर्डरूममध्ये काही केसपेपर सापडणार नाहीत, म्हणून १०० निवडा. निवड संगणकाच्या यादृच्छिक आकड्यांवरून करा. शेल्फवर हाताला लागतील ते घेऊ नका, कारण वरचे गठ्ठे ताजे असतात आणि ताज्यांत स्पायरोमेट्री जास्त. जे सापडले नाहीत त्यांचं वय, लिंग आणि वर्ष नोंदवून ठेवा. हरवलेल्यांत जुने आणि दगावलेले जास्त असतील तर ते सांगावं लागेल.

प्रत्येक केसपेपर दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा, तिसऱ्याने मतभेद सोडवायचा. फॉर्म एका पानाचा ठेवा : वय, गाव, काम, चूल, विडी-तंबाखू, क्षयाचा इतिहास, एक्स-रे, स्पायरोमेट्री, दिलेली औषधं, अंतिम निदान. रेकॉर्डरूमच्या कारकुनाशी पहिल्या दिवशी नीट बोला, चहा प्या. कुठल्या वर्षाचे गठ्ठे कुठल्या खोलीत गेले आणि कुठले पावसात भिजले, हे फक्त त्यांना ठाऊक असतं.

उलटी बाजूही तपासा. ज्यांच्यावर सीओपीडीचा शिक्का नाही, अशा ‘धाप’ किंवा ‘श्वसनसंसर्ग’ म्हणून भरती झालेल्या पन्नास वयस्क रुग्णांचे केसपेपर वाचा. बायकांचा सीओपीडी इथे लपलेला असतो. विडी न ओढणाऱ्या म्हातारीला सीओपीडी असेल, हे रात्रीच्या ड्युटीवरच्या इंटर्नला सुचत नाही.

पाचवी पायरी : भाजक

हाताशी असलेली शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा मराठवाड्याची लोकसंख्या सुमारे १.८७ कोटी होती. पुढची २०२७ ची. दरम्यानचे सरकारी अंदाज राज्यासाठी आहेत, जिल्ह्यासाठी नाहीत. जिल्ह्याचा दर काढायचाच असेल तर अंदाज कसा केला ते उघड लिहा आणि वयानुसार प्रमाणित करा. तरुण शहरात निघून गेलेल्या गावात म्हातारे जास्त, म्हणून धापही जास्त दिसते.

त्यावर ऊसतोडीची गुंतागुंत. बीड आणि आसपासच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. श्वसनाचे झटके जास्त येतात ते थंडीचे महिने हेच. पाटोद्याचा मजूर कोल्हापूरला भरती होतो. त्यामुळे बीडमध्ये हिवाळ्यात दमा कमी होतो असा आलेख निघाला तर हवेचे गोडवे गाऊ नका. भाजकातली माणसंच गावात नाहीत. निदान अशा तालुक्यांचे मे ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते एप्रिल असे दोन भाग वेगळे दाखवा.

रुग्णालयापुरता अभ्यास असेल तर या सगळ्यातून सुटका आहे. एकूण भरतीत सीओपीडीचा वाटा काढा आणि त्याला ‘प्रमाण’ म्हणा, ‘प्रादुर्भाव’ (लोकसंख्येत आजार किती) म्हणू नका.

सहावी पायरी : परवानग्या

संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज आधी, नोंदी नंतर. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जुन्या, नाव काढून टाकलेल्या नोंदींसाठी संमतीतून सूट मागता येते, पण मागावी लागते. जिल्हा परिषदेच्या केंद्रांसाठी जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांसाठी जिल्हा शल्य चिकित्सक. दोन वेगळी कार्यालयं, दोन वेगळी पत्रं. आधार क्रमांक मागूच नका. गावाच्या नावासह तक्ता छापताना ज्या चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं आहेत ती झाका. दोनशे उंबऱ्यांच्या वाडीत ‘६२ वर्षांची, क्षय झालेली, विधवा’ एवढं पुरेसं असतं.

सातवी पायरी : दोन वह्या जोडणं

सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ आकडी आभा क्रमांक उद्या हे काम सोपं करील. आजच्या जुन्या नोंदींसाठी नाव, वय, लिंग, गाव आणि मोबाइल यांवरच भागवावं लागतं. नाव आधी रोमन लिपीतून देवनागरीत आणा. ‘शेख’ रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, देवनागरीत एकच उरतं. वय ५०, ५५, ६० असं गोल केलेलं असतं, म्हणून पाच वर्षांपर्यंतचा फरक चालवून घ्या. मोबाइल मुलाचा किंवा आशाताईचा असतो. एकाच क्रमांकावर दहा रुग्ण दिसले की तो क्रमांक जोडणीतून वगळा. सासर-माहेरच्या आडनावांमुळे बायकांच्या जोड्या जास्त सुटतात. किती टक्के सुटल्या ते स्त्री-पुरुष वेगळं लिहा. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक खुणेला गुण द्या, वरच्या गुणांच्या जोड्या स्वीकारा, खालच्या टाका आणि मधल्या हाताने तपासा.

आठवी पायरी : विश्लेषणातले खड्डे

पहिला, औषध आणि मृत्यू. स्टेरॉइडचा पंप घेणारे जास्त मरतात असं दिसेल, कारण जास्त आजारी माणसालाच तो मिळतो. उलट ‘वर्षभरात दोनदा पंप नेणारे जास्त जगतात’ असंही दिसेल, कारण दुसऱ्यांदा पंप न्यायला तोवर जिवंत असावं लागतं. म्हणून गट पाडायचे ते पाठपुरावा सुरू होतो त्या दिवशी जे माहीत होतं त्यावर, नंतर घडलेल्यावर नाही.

दुसरा, २०२० आणि २०२१. ओपीडी ओसरली, स्पायरोमेट्रीच्या खोल्या बंद राहिल्या, धापेवर कोविडचा शिक्का बसला. ही दोन वर्षं सरासरीत मिसळू नका.

तिसरा, हवा. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत, त्यामुळे तिथले मोजमापाचे आकडे मिळतात. ते शहराचे आहेत. अंबडच्या शेतात हरभरा मळणाऱ्याच्या नाकातल्या धुळीला ते लावू नका.

देशाच्या आकड्यांचा आधार घेताना एकच लक्षात ठेवा : २०१६ साली भारतात ५.५३ कोटी सीओपीडीचे आणि ३.७९ कोटी दम्याचे रुग्ण असल्याचा जो अंदाज सगळे उद्धृत करतात, तो उपलब्ध सर्वेक्षणांवर गणिती प्रारूप चालवून काढलेला आहे. प्रस्तावनेत चालेल. तो लोकसंख्येने भागून आपल्या जिल्ह्याला वाटून ‘अपेक्षित रुग्ण’ काढणं चालणार नाही.

शेवटचं काम

संकेतांकांची यादी, तिन्ही पातळ्यांच्या व्याख्या, नावांचा तक्ता आणि विश्लेषणाच्या आज्ञावली एका फोल्डरमध्ये ठेवून विभागाकडे द्या. रुग्णांच्या नावांची किल्ली त्यात नको, ती वेगळी आणि कुलपात. ज्या आरोग्य केंद्रांच्या वह्या वापरल्या, त्यांना एका पानावर मराठीत निकाल पाठवा : तुमच्या केंद्रातल्या किती नोंदी तपासल्या, किती जुळल्या, कुठला रकाना बहुतेक वेळा कोरा होता. इंधनाचा रकाना कोरा राहतो हे आशाताईंच्या मासिक बैठकीत कळलं, तर पुढच्या वर्षीच्या निवासी डॉक्टराला तो भरलेला मिळण्याची शक्यता आहे.